माल आहे, पण एका लॉटचा नाही

टाइल्सच्या दुकानात शिरून जो ‘माल आहे का?’ असं विचारतो, त्याने अजून घर बांधलेलं नाही हे चहावाल्या पोऱ्यालाही कळतं. माल असतोच. गोडाऊनमधल्या थप्प्या पत्र्याला टेकलेल्या असतात, जिन्याखाली बॉक्स असतात, शेठ ज्यावर पाय ठेवून बसतात तोही मालच असतो. विचारायचं असतं ते ‘एका लॉटमध्ये किती निघेल?’ एवढं एक वाक्य कानावर पडलं की दुकानाची तंद्री उतरते. सेल्समन कॅलक्युलेटर बाजूला सारतो, शेठ ‘दोन मिनिटांत करतो’ म्हणून फोन ठेवतात आणि कुणीतरी गोडाऊनच्या दिशेने ‘मामाऽऽ’ अशी आरोळी ठोकतं.

हे दुकान आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर आहे आणि तिथे दोन्ही वेळेला चहा येतो, इतकाच माझा या धंद्याशी संबंध. पण रिकाम्या माणसाला बसायला टाइल्सच्या दुकानाइतकी चांगली जागा नाही. सोनाराकडे बसलं तर संशय येतो, डॉक्टरकडे बसलं तर आजार येतो. इथे कुणी हटकत नाही, आणि माणसं आपलं सगळं घर, कर्जासकट आणि भावकीसकट, काउंटरवर मांडत असतात.

आता लॉट ही काय भानगड आहे, ते सांगायला हवं. आपल्याकडच्या बहुतेक फरश्या गुजरातेतल्या मोरबीहून येतात. तिथे मातीची भुकटी दाबून लादी करतात, तिच्यावर संगमरवराचा फोटो छापतात आणि ती रुळांवरून सरकत लांबलचक भट्टीतून जाते. भट्टीत १२०० अंशांच्या आसपास उष्णता असते. मातीत ओल थोडी जास्त असली, शाई दुसऱ्या डब्यातली असली, भट्टीची आच जरा इकडची तिकडे झाली, की रंग किंचित हलतो. शिवाय भाजताना लादी आक्रसते आणि तिच्या लांबीरुंदीतही मिलिमीटरच्या तुकड्याचा फरक पडतो. म्हणून बाहेर पडलेला माल रंग आणि माप बघून वेगळा करतात आणि बॉक्सवर शिक्का मारतात: डिझाइन, साइज, ग्रेड, शेड, बॅच. डिझाइनचं नाव इटालियन असतं. मोरबीत जन्मून ट्रकने पुण्याला आलेली ही लादी ‘स्टॅच्युआरिओ’ म्हणवून घेते आणि आपण तिला त्याच नावाने हाक मारतो.

पण खरी ओळख नावात नाही, त्या शिक्क्यात आहे. माणसांच्या लग्नात गोत्र एक निघालं की मोडता घालतात. फरश्यांचं उलट आहे. इथे सगोत्र असेल तरच जमतं, आणि प्रवरसुद्धा एक लागतं.

यातून जी अडचण उभी राहते ती मामांइतकी स्वच्छ मला कुणीच समजावली नाही. मामा म्हणजे गोडाऊन. ते शेठच्या वडिलांच्या काळापासून तिथे आहेत. खिशात खडू, कानावर पेन्सिल आणि जमाखर्च सगळा डोक्यात. त्यांचा सिद्धांत असा, की बेरीज हे या धंद्यातलं सगळ्यात मोठं खोटं आहे. ‘११८ बॉक्स हाईत म्हंजे काय हाईत? ११८ कुनाचे?’

हा ११८ चा आकडा एका कोथरूडच्या जोडप्यामुळे निघाला. त्यांच्यासोबत मुलाचे वडील होते. बँकेतून निवृत्त झालेले, शर्टाच्या खिशात भिंग. घराचं क्षेत्रफळ त्यांना तोंडपाठ होतं: हॉल आणि पॅसेज मिळून ६०० चौरस फूट, दोन बेडरूम मिळून ५००. दोन बाय दोनच्या चार फरश्यांचा एक बॉक्स, म्हणजे १६ चौरस फूट. ६९ बॉक्स लागतील, वेस्टेज धरून ७३. काकांनी हे गणित तोंडी केलं, मग कागदावर केलं आणि मग सेल्समनला करायला लावून ते चुकतं का हे बघितलं. सेल्समनने कॉम्प्युटरमध्ये डोकावून ‘११८ आहेत, सर’ असं जाहीर केलं. पेढे वाटायचेच बाकी होते. तेवढ्यात मामा आले आणि त्यांनी त्या ११८ चा पंचनामा केला. एका शेडचे ४१, दुसऱ्याचे ३४, तिसऱ्याचे २२, मग १४ आणि शेवटी ७. बेरीज बरोबर. ७३ मात्र कुठेच नाहीत.

काका म्हणाले, ‘मग कॉम्प्युटर खोटं बोलतो का?’

मामा म्हणाले, ‘खोटं न्हाई ओ. त्याला इच्यारलं तेवढंच सांगतो.’

इथे हाडाचा सेल्समन असेल तर सांगतो, ‘काही फरक नाही साहेब, बसवल्यावर एकजीव दिसतं.’ या वाक्यावर महाराष्ट्रातली कितीतरी घरं उभी आहेत. पण काकांनी भिंग काढलं होतं. त्यांनी ४१ वाल्या लॉटची एक लादी आणि ३४ वाल्याची एक अशा दोन लाद्या पोऱ्याकरवी फुटपाथवर, उन्हात नेऊन ठेवायला लावल्या. मग त्यांच्याभोवती प्रदक्षिणा घातली. उकिडवे बसून बघितलं. चष्मा काढून बघितलं. मुलाला फरक दिसेना. सुनेला दिसला, पण कुठली पिवळट आणि कुठली राखाडी यावर तिचं आणि सासऱ्यांचं एकमत होईना. रस्त्याने जाणारे दोघे-तिघे थांबले आणि त्यांनीही मत दिलं. मराठी माणसाला फरशी, पाणी आणि राजकारण या तिन्ही विषयांत मत मागावं लागत नाही.

तोडगा मामांनी काढला. हॉल आणि पॅसेजला ४१ चा लॉट, दोन्ही बेडरूमना ३४ चा. मध्ये दाराखाली ग्रॅनाइटची काळी पट्टी. ‘पट्टी आडवी आली की डोळा इसरतो,’ ते म्हणाले. हॉलला वेस्टेजसकट ४० लागले, बेडरूमना ३४. वेगवेगळं धरल्यामुळे एक बॉक्स वाढला आणि ७३ चे ७४ झाले, तो बॉक्स काकांनी नाइलाजाने मान्य केला. पुढे कधी त्या घरी गेलात आणि उंबऱ्यावरच्या काळ्या पट्टीचं सुनबाईंनी ‘कॉन्ट्रास्ट’ म्हणून कौतुक सांगितलं, तर मान डोलवा. कॉन्ट्रास्टच आहे.

यात मामांनी आणखी एक गोष्ट साधली होती, ती कुणाच्या लक्षात आली नाही. ३४ चा लॉट पुरता संपला आणि ४१ मधला एकच बॉक्स मागे उरला. गोडाऊनवाल्याची खरी कारागिरी इथेच असते. उद्या कुणी टेरेसच्या खोलीसाठी १३ बॉक्स मागायला आला, तर ते २२ मधून द्यायचे नाहीत, १४ मधून द्यायचे. ज्याची गरज लहान, त्याला लहान लॉटमधून. मोठा लॉट मोठ्या गिऱ्हाइकासाठी राखायचा. नवा सेल्समन पहिल्याच आठवड्यात ६० च्या कोऱ्या लॉटला हात घालतो, त्यातले १२ देतो, आणि दुसऱ्या दिवशी ५५ वाला येऊन तोंड वाकडं करून जातो. त्या दिवशी मामा जेवत नाहीत.

शेठच्या सीएंनी एकदा सल्ला दिला होता की जुना माल आधी काढावा. शास्त्र बरोबर आहे, पण ते दुधाचं. औषधाच्या दुकानात तर ज्याची एक्सपायरी आधी, ते आधी, नाहीतर नुकसान ठरलेलं. तिथे प्रत्येक गोळीला बॅच नंबर असतो, तो बिलावर छापलेलाही असतो, आणि आपण ते बिल वाण्याच्या यादीसाठी पाठकोरं म्हणून वापरतो. बॅच बघायची वेळ आलीच, तर केमिस्टने चार गोळ्या कापून दिलेल्या असतात आणि ज्या कोपऱ्यावर बॅच आणि एक्सपायरी असते तो कोपरा त्याच्या बरणीत राहिलेला असतो. ते असो. फरशी नासत नाही. ती दहा वर्षं थप्पीत पडली तरी फरशीच राहते, फक्त तिची भावंडं जगात उरत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी शेठचा मुलगा शिकून आला आणि त्याने सगळं लॉटवार कॉम्प्युटरवर घेतलं. पोरगा हुशार, हेतू चांगला. प्रत्येक बॉक्सचा शिक्का बघून नोंद करायची असं ठरलं. नोंद करायला तीन पोरं बसवली. एकाने लिहिलं ‘ए-१७’, दुसऱ्याने ‘ए १७’, तिसऱ्याने घाईत ‘ए१७’. गोडाऊनमध्ये एक असलेला लॉट कॉम्प्युटरमध्ये तीन झाला. ५० बॉक्सचं गिऱ्हाईक ‘एका लॉटमध्ये नाहीत’ म्हणून परत गेलं, तेव्हा ते ५० बॉक्स त्याच्या पाठीमागच्या थप्पीत, एकाच रांगेत उभे होते.

हे निस्तरल्यावर उलटं घडलं. शेड ०३ चे ९० बॉक्स दिसले. पोराने खुशीत एका बंगल्याला देऊन टाकले. तिथल्या मिस्त्रीने अर्धा हॉल बसवून झाल्यावर फोन केला, की खिडकीपासून पुढे रंग बदललाय. मामांनी बॉक्स बघितले. निम्मे मार्चचे होते, निम्मे सप्टेंबरचे. मार्चमधली शेड ०३ आणि सप्टेंबरमधली शेड ०३ यांचा संबंध नावापुरताच, दोन वेगळ्या गावांतल्या पाटलांसारखा. शेड एकटी बघून चालत नाही, बॅचही जोडीला घ्यावी लागते. मामा हे कुणाला बोलले नव्हते, कारण हे सांगावं लागतं असं त्यांना वाटलंच नव्हतं.

मात्र मामांची पद्धतही अगदी बिनचूक होती असं म्हणवत नाही. त्यांच्याकडे लॉटला नंबर नसत, पत्ते असत. खांबापाशीचा लॉट, मोरीकडचा लॉट, गणपतीखालचा लॉट. दिवाळीआधी चुना लावताना गणपतीची तसबीर समोरच्या भिंतीवर गेली. मामा तेव्हा लेकीच्या गावी होते. त्यांनी फोनवर ‘गनपतीखालचे २० पाठव’ म्हणून सांगितलं, आणि कर्वेनगरच्या एका किचनमध्ये बाथरूमच्या, खरबरीत पृष्ठभागाच्या, घसरू नये म्हणून केलेल्या फरश्या जाऊन पडल्या. बाप्पाला यात दोष देता येत नाही.

आता दोन्ही पद्धती एकत्र नांदतात. पोराने शेड, बॅच आणि तारीख जोडून एकच नंबर केला, हाताने टाइप करणं बंद केलं आणि मोबाइलने स्टिकर वाचायला लावलं. शेजारी एक रकाना ठेवला, ‘जागा’. त्यात अजूनही ‘खांबापाशी’ असं लिहिलेलं असतं.

लॉट जुळवण्यात खरा घोळ घालतं ते बुकिंग. गिऱ्हाईक येतं, ५८ बॉक्सचा लॉट पसंत करतं, पाच हजार टेकवतं आणि म्हणतं, ‘ठेवा बाजूला, पुढच्या आठवड्यात उचलतो.’ मामा थप्पीवर खडूने आडनाव लिहितात. पुढच्या आठवड्यात पितृपक्ष लागतो. मग बिल्डर ताबा देत नाही. मग बँकेचा हप्ता अडकतो. मग आत्याबाई म्हणतात की फिकट रंगावर डाग दिसतात. खडूचं आडनाव पुसट होत जातं आणि थप्पी तशीच उभी. मधल्या काळात अगदी तेवढेच, ५८ च्या लॉटचेच बॉक्स हवेत असा, रोख पैसे मोजणारा माणूस दारात उभा राहतो. शेठ थप्पीकडे बघतात, आडनावाकडे बघतात, नोटांकडे बघतात. मी अशा वेळी चहा संपवून उठतो. धंद्यातल्या काही गोष्टी शेजाऱ्याने बघू नयेत.

आणि परतावा! ‘उरलेले सीलबंद बॉक्स परत घेऊ’ ही पाटी दुकानात आहे. बॉक्स परत येतात. पण मिस्त्री नावाची संस्था मध्ये असते. काम संपलं की मिस्त्री उरलेल्या फरश्या गोळा करतो आणि हाताला येईल त्या खोक्यात भरून वर चिकटपट्टी मारतो. खोकं सांगतं मी अमुक लॉटचं, आत माल तमुक लॉटचा, वर एका लादीला सिमेंट. कॉम्प्युटर खोक्यावर विश्वास ठेवतो. मामा खोकं उघडतात, लादी उलटी करतात, पाठीवरची नक्षी बघतात आणि मुकाट्याने कोपऱ्यात ठेवतात.

नाशिकच्या द्राक्षांचं मात्र मला कौतुक वाटतं. २०१० साली युरोपात गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले, कंटेनर अडकले आणि बागाईतदार रडकुंडीला आले. माल कुठून आला ते सांगता येणं म्हणजे काय चीज आहे, हे तेव्हा सगळ्यांनाच कळलं. अपेडा या सरकारी निर्यात संस्थेच्या ग्रेपनेटवर निर्यातीच्या बागा प्लॉटनिशी नोंदवलेल्या असतात. रॉटरडॅमला उतरलेली पेटी निफाडच्या कुठल्या प्लॉटातून निघाली, तिथपर्यंत माग काढता येतो. आणि इथे पौड रोडवरच्या बाथरूममधल्या लादीची सख्खी बहीण कुठे आहे हे तिच्या मालकाला ठाऊक नसतं. कारण विकत घेताना ‘दोन बॉक्स जादा ठेवा’ असं मामांनी सांगितलेलं असतं, आणि ‘कशाला, माळ्यावर जागा अडते’ असं उत्तर मिळालेलं असतं.

मग पाच-सहा वर्षांनी पाइप फुटतो. प्लंबर चार लाद्या फोडून गळती काढतो आणि मालक एक तुकडा कापडी पिशवीत घालून गावभर फिरायला लागतो. दुकानात रोज असा एकतरी पिशवीवाला येतो. चेहरा हरवलेल्या मुलाचा फोटो दाखवत फिरणाऱ्या बापाचा. तो तुकडा काउंटरवर ठेवतो, सेल्समन बघून न बघितल्यासारखं करतो, कारण चार लाद्यांत त्याचं कमिशन ते काय निघणार. ‘बंद झालं हे डिझाइन.’ तेवढ्यात मामा तुकडा उलटा करतात. पुढून तर सगळ्याच सारख्या, ओळख पाठीवर. मग ते त्या कोपऱ्यात जातात, जिथे परताव्याचे, उरलेले, एकेकटे बॉक्स असतात. कधी कधी सापडतंसुद्धा. तेव्हा मामा जेवढे खूश होतात तेवढे ७४ बॉक्स गेल्यावर होत नाहीत.

नाही सापडलं, तर मामांकडे उपाय असतो. फुटलेल्या चार लाद्यांच्या रांगेतल्या उरलेल्याही काढायच्या आणि तिथे फुलाफुलांची आडवी पट्टी बसवायची. आता तुमच्या लक्षात आलं असेल, की आपल्याकडच्या पुष्कळ बाथरूममध्ये छातीच्या उंचीवर जी निळी कमळं किंवा डॉल्फिन दिसतात, त्यामागे सौंदर्यदृष्टी कमी आणि पाइप जास्त असतो.

शहाबादी फरशीच्या काळात हे काहीच नव्हतं. ती कर्नाटकातल्या शहाबादच्या खाणीतून यायची, एक निळसर, एक पिवळट, एकीवर रेघ, एकीवर ढग. कुठलीच दुसरीसारखी नसल्यामुळे कुणी तक्रार केली नाही. आमच्या वाड्यात तर स्वयंपाकघरातली एक फरशी वर्षभर ओली दिसायची आणि आजी तिला ‘पाऊस सांगते’ म्हणायची. फरश्या एकसारख्या करता यायला लागल्या, आणि मग त्यांच्यातला केसाएवढा फरक आपल्याला खुपायला लागला. गंमत अशी, की एवढं उन्हात नेऊन, भिंग लावून जुळवलेल्या त्या हॉलमध्ये पुढे सोफा येतो, दिवाण येतो, टीपॉयखाली गालिचा येतो, आणि जेमतेम चार हात फरशी उघडी राहते. वास्तुशांतीला पन्नास माणसं जेवून जातात, कुणाचं लक्ष जात नाही. एकटा साडू तेवढा हात धुऊन येताना थबकतो, मान तिरकी करतो आणि म्हणतो, ‘लॉट वेगळा आला वाटतं?’

मार्च संपता संपता गोडाऊनची मोजदाद होते. सातच्या, तीनच्या, एकेकट्या बॉक्सांची यादी निघते. मोठं गिऱ्हाईक त्यांना लागत नाही, छोट्याला तेवढंही लागत नाही. शेठ हिशेब करतात, पोरगा कपाळाला हात लावतो, आणि सगळा कोपरा चायना मोझॅकवाल्याला विकायचं ठरतं. तो लाद्यांचे हातोडीने तुकडे करतो आणि टेरेसवर सिमेंटात बसवतो. पाणी झिरपत नाही, छतही कमी तापतं. तिथे मार्च, सप्टेंबर, शेड ०३, ए-१७, किचन, बाथरूम सगळे एका रांगेत. लॉटच्या कटकटीतून एकदाचे सुटलो म्हणून यंदा शेठनी सगळ्यांना मस्तानी पाजली.

ती संपते न संपते तोच एक गृहस्थ आले. त्यांना टेरेसला चायना मोझॅक करून घ्यायचं होतं. तुकडे बघितले, भाव विचारला, भावात पाच रुपये कमी करून घेतले. मग आवाज जरा खाली आणून विचारलं, ‘सगळे तुकडे एकाच शेडचे मिळतील ना?’

सेल्समनने शेठकडे बघितलं, शेठनी पोराकडे. मामांनी कानावरची पेन्सिल काढली आणि विचारलं, ‘किती चौरस फूट?’